लव

चाळीस वर्षं जैतापूरच्या जेटीजवळ
माझं दोन खुर्च्यांचं दुकान.
रोज संध्याकाळी केस झाडून पोत्यात भरायचे,
पोतं माडाच्या आळ्यात रिकामं करायचं.
माड बरे आले.

आता दुकान पोरगा बघतो
आणि मी माश्या बांधतो.
घोंघावणाऱ्या नव्हेत. गरीवर बांधायच्या,
केसांच्या, दोऱ्याच्या, खोट्या.
जहाजावरून निवृत्त झालेला पेवेकर इंजिनियर
दाढी करून घेता घेता शिकवून गेला,
उधारी त्यातच वळती करून.
माशीनं मासा धरायचा, म्हणाला,
आणि मिशीतल्या मिशीत हसला.

याकूब सोलकर माझ्यासाठी कातडं ठेवतो,
बोकडाच्या मानेमागचं, पंजाएवढं.
मीठ चोळून दोन दिवस. मग रिठ्याचं पाणी,
कोमटच. कढत पाण्यात केस एकमेकांना धरतात
आणि सुटता सुटत नाहीत, भावकीतल्या जमिनीसारखे.
मग पडवीत, सावलीला,
मांजराची उडी पोचणार नाही एवढ्या उंच.

मग फणी.
आधी राठ केस येतात, लांब, चकाकणारे,
ऊनपाऊस अंगावर घेणारे.
चिमटीत धरून ओढायचे, कागदावर वेगळे ठेवायचे.
खाली उरते ती लव.
ती बोटांना नीट कळत नाही, ओठांना कळते.

नुसती लव चालत नाही.
पाण्यात गेली की गप्प बसते.
थोडा राठ केस, आखूड करून, परत मिसळावा लागतो,
कोळंबीचे पाय हलताना दिसले पाहिजेत.
त्यात भुऱ्या कुत्र्याची फाल्गुनातली झड,
रंगाला काताचं पाणी.
एकदा हे सगळं मिक्सरच्या भांड्यात फिरवलं.
इंदूनं ते भांडं माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं,
बोलली नाही.
चार दिवस घरात चटणी नव्हती.
आता हातानंच पिंजतो.

हातिवल्याच्या वळणावर एक मुंगूस मरून पडलेलं.
एकेका केसावर काळं, पिवळं, काळं, पिवळं.
असा केस माझ्या खुर्चीत कधी बसला नाही.
कायदा मला ठाऊक आहे.
तरी गाडी लावली, वाकलो,
हात खिशातच ठेवले,
वारा त्याची पाठ उलटी-सुलटी विंचरत होता
ते बघितलं, आणि निघालो.

माणसाचा केस? करून बघितला.
माझाच, कानामागचा.
दोऱ्याला मेण लावलं, वात वळतात तसा वळला,
तरी निसटला.
माणसाला लव नाही.
चाळीस वर्षं मी नुसता राठ केस कापत होतो.

फक्त जावळ.

परवा नातीचं काढलं.
ती मामाच्या मांडीवर, वस्तरा माझा,
आणि आत्या म्हणून माझी वैजयंता
कणकेचा गोळा पुढे धरून.
एकेक बट गोळ्यावर पडत होती,
पिंगट, टोकाला आणखी फिकी.
अंगठा आणि तर्जनी आपोआप जुळली.
एवढीशी बट. कुणाला कळलं नसतं.
वैजयंता म्हणाली, बाबा.
एवढंच.
मी बोटं धोतराला पुसली.

संध्याकाळी तिनं गोळा खाडीत सोडला,
जेटीच्या खालच्या पायरीवरून.
मी शेजारी उभा. काठी घरी.
पाणी गुडघाभर, तळ दिसत होता.
एक बोय आली, ढुसणी देऊन गेली,
परत आली, आणखी तिघींना घेऊन,
आणि केसांसकट लचका तोडला.
ना गरी, ना दोरा.

गेल्या भरतीला एका तांबोशीनं
माझी चांगली माशी तोडून नेली.
तिच्या जागी नवी बांधायची आहे.
काताचं पाणी या खेपेला
जरा पातळ करून बघतो.